गोणीच्या तोंडचा कांदा

१२ जानेवारी, रविवार
अपमान! तोही पोटच्या पोरीकडून. संध्याकाळी सातला पुण्याहून प्रगतीचा फोन, दर रविवारी येतो तसा. कॉलेज छान, मेस छान, मैत्रिणी छान. मी सहज विचारलं, तुझं ते स्टॅटिस्टिक्स म्हणजे नक्की काय गं? तर म्हणे, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं."
आता बघतेच.

१५ जानेवारी
सापडलं! एका विद्यापीठानं पहिल्या वर्षाचा अख्खा विषय नेटवर टाकलाय. प्राध्यापक, फळा, टिपणं, चाचण्या — सगळं फुकट, कुणीही बघा. वय विचारत नाहीत, बारावीच्या गणिताचे मार्कही विचारत नाहीत. (बरंच झालं.) खाली मराठी अक्षरं येतात. मोबाइल शिलाई मशीनला टेकवला आणि ब्लाउजला हुक लावत पहिला धडा पाहिला. सरांचा शर्ट खांद्यावर उसवलाय. हात शिवशिवले नुसते.

१९ जानेवारी, रविवार
म्हाळूआबा — माझे सासरे — आता धड्याला येऊन बसतात. उभा जन्म मेंढरांमागं गेला, अजून विसांत मोजतात. सरासरी म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं. मी! आबा म्हणाले, "व्हय की. सरासरीयेवढं मेंढरू कळपात येकबी न्हाई घावायचं." पुढच्याच धड्यात सरांनीही जवळजवळ हेच सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला.
प्रगतीचा फोन. सगळं छान. पेपर सोपे गेलेत, निकाल लागायचाय. हे पलीकडच्या खोलीतून ओरडले, "नापास झाली तर माघारी आनीन! कवठ्याचं स्थळ थांबलंय आजून." गमतीत म्हणाले. बहुतेक.

२४ जानेवारी
पहिली चाचणी. प्रश्न असा — पेटीतून वरचे पाच आंबे काढले, पाचही चांगले. पेटीबद्दल काय म्हणाल? मी छातीठोक उत्तर दिलं, खालचे सगळे नासके. लाल फुली! आणखीही फुल्या. शंभरात तीस, म्हणजे नापास. प्रश्न काढणाऱ्यानं जन्मात गोणी भरलेली नाही.

२९ जानेवारी
दिवसभर कांदा भरला. यांचं नेहमीचं पालुपद — "सुलक्षणे, तोंडाला मोठा गोल कांदा लाव. जोडकांदा खाली घाल." दुपारी भाकरी खाताना धडा लावला. सर म्हणत होते, समोर मांडलेलंच उचललंत तर तो खरा नमुना नव्हे. चिठ्ठ्या टाका, कुठूनही उचला.
पुन्हा गोणी भरायला बसले आणि हातातला कांदा हातातच राहिला. रविवार, संध्याकाळी सात. वेळ तिची, शब्द तिचे. सहा महिने मी गोणीच्या तोंडचाच कांदा बघतेय की!

३० जानेवारी
वार आणि कॉलेजच्या तासांच्या चिठ्ठ्या केल्या. आबांना काढायला लावल्या. "ही काय भिशी हाय का गं?" म्हटलं, अभ्यास आहे. निघालं — मंगळवार, सव्वाअकरा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सव्वाअकराला फोन केला. "आई! कोण गेलं?"
आमच्याकडं अवेळी फोन म्हणजे मयतच. कोणी नाही गं, मेसला भाजी काय होती? तास नाही का आता? "ऑफ आहे आज." मागं नुसती पंख्याची घरघर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
चिठ्ठी दुसरी, सकाळी दहा. ऑफ.

१० फेब्रुवारी, सोमवार
चिठ्ठी तिसरी, दुपारी साडेबारा. ऑफ. आवाज झोपेतला. की रडून बसलेला?
तिनावरून निष्कर्ष काढू नये, असं सर म्हणतात. सर, तुम्हाला मुलगी आहे का?
भीती वाटतेय मला. यांना सांगितलं तर उद्याच कवठ्याला निरोप जाईल. तिला खोदून विचारलं तर पुन्हा वरचाच कांदा पुढं करील. आबांपाशी बोलले. ते म्हणाले, "बुजल्यालं मेंढरू हाकलून येत न्हाई. आपुन म्होरं जाऊन बसायचं."

११ फेब्रुवारी
बसले म्होरं. माझ्या चाचणीचा फोटो पाठवला, सगळ्या लाल फुल्यांसकट. खाली लिहिलं — "प्रगती, महिनाभर गुपचूप तुझा विषय शिकतेय. नापास झाले. कुणाला सांगू नकोस."
दोन निळ्या खुणा आल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी पावणेदोनला तिचा फोन. स्वतःहून.
"आई... मी पण."