बंद बाटली आणि बोलता पेशंट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (त्यातलं एक अंग सध्या टाक्यांत आहे, तेवढं वजा करून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला?

मी बरा आहे. माझं काचा बसवण्याचं काम तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात एका दुकानाची मोठी काच चढवताना ती निसटली आणि थेट माझ्या मांडीत शिरली. दुखलं नाही गं. नुसतं गरम वाटलं, आणि मग सगळं जग हळूहळू कापसाचं व्हायला लागलं. अँब्युलन्समध्ये सिस्टर जखमेवर दोन्ही हातांनी भार देऊन बसली होती (झाकण न लागणाऱ्या बॅगेवर आपण बसतो तशी). सलाईनची सुई टोचलेली, पण बाटली बंद! निरोप मिळताच धावत येऊन गाडीत चढलेली तुझी भावजय कडाडली, "अहो, एवढं रक्त गेलंय, सोडा की भराभर!" सिस्टर म्हणाली, "सलाईन म्हणजे रक्त नव्हे, बाई. फार सोडलं तर आहे ते रक्त पातळ होतं, धरत आलेली गुठळी सुटते. हॉस्पिटलात रक्त तयार ठेवायला सांगितलंय. तोवर नाडी लागतेय, माणसं ओळखतायत, एवढं पुरे. यांना बोलतं ठेवा." (मला बोलतं ठेवा! हे आयुष्यात प्रथमच कुणी म्हणालं.)

मग मी बोलत सुटलो. छताचा दिवा वितळत होता, गाडी जणू पाण्यावरून चालली होती, आणि तू मला कडेवर घेऊन कुठंतरी निघाली होतीस. कुठं, ते काही केल्या कळेना. मध्येच सिस्टरनं विचारलं, "या कोण?" मी बायकोकडं पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "ताई."

सिस्टरनं ताबडतोब नाडी पाहिली, ती लागेना, तशी बाटली सोडली. थोडीशीच, नाडी पुन्हा लागेपर्यंत. दंडातून गारवा चढला. पुढं रक्त मिळालं, शिवणकाम झालं, वाचलो.

तुझा,
धाकटा

ता. क. घरात तेव्हापासून अबोला आहे. चार दिवस येऊन हिची समजूत काढ. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. (अक्षर माझं आहे, वन्सं.) अबोला कसला? माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही अजून. हे मला ताई म्हणाले, त्याचा राग नाही. त्या घटकेला मीही मनात तुम्हालाच हाका मारत होते. या.