तिनाचा आठ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादा,

तुला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तो पट्टा कपाटात जपून ठेवायला दिलेला नाही, गुडघ्याला बांधायला दिलाय.

तुझं पत्र मिळालं. हल्ली पत्रं लिहिणारे आपण दोघंच उरलो असू. पण तू म्हणतोस ते खरं आहे. फोनवर बोलायला लागलं की आई पलीकडून ‘काय म्हणतोय, काय म्हणतोय’ करते आणि निम्मा वेळ तिला सांगण्यातच जातो.

इकडे सगळं ठीक. लॅबचं काम वाढलंय. पूर्वी चार दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणायचो, आता सात झालेत. तासाभरात नमुना मशीनपाशी पोचला नाही तर मॅनेजर असा बघतो, जणू त्याचंच रक्त आटलं. बारा वाजल्यानंतर नुसती पळापळ.

परवा लॅबच्या दारातच वाहतूक पोलिसांनी गाड्यांच्या नंबर प्लेटा तपासल्या. रिसेप्शनवरच्या बाईंच्या नवऱ्यानं आपल्या प्लेटवर आकडे असे वळवून घेतलेत की ते आकडे की वेलबुट्टी, कळत नाही. वर हुज्जत घालत होता, ‘साहेब, गाडी माझी, प्लेट माझी, मी हवी तशी रंगवेन.’ पोलीस थंडपणे म्हणाला, ‘प्लेट तुमची, नंबर सरकारचा. दिलाय तसाच लावायचा.’ सगळे हसले. मीही हसलो. माझी गाडी मागच्या गल्लीत होती, म्हणून सुटलो.

तू शाळेच्या बसच्या किल्ल्या परत देऊनच गावी आईकडे राहायला गेलास, हे वहिनीकडून कळलं. घाई केलीस, दादा. सिग्नल तोडल्याचे तीन फोटो आले, तिन्हींत तुझ्या मोटारसायकलचा नंबर, म्हणून लायसन्स तीन महिने अडकलं, एवढंच ना? शाळेनं तर सांगितलं होतं, तीन महिने थांबा, मग या. तू लिहितोस, ‘दुपारी गाडी घेऊन आपण कुठे गेलो हे ज्याला आठवत नाही, त्यानं चाळीस पोरं पाठीमागे बसवू नयेत.’ असं काही नसतं रे. ताण असतो, माणूस विसरतो. डॉक्टर वगैरेची गरज नाही. आणि त्या दिवशी बोलता बोलता मी बाबांचं नाव काढलं, ते मनावर घेऊ नकोस. मला तसं म्हणायचं नव्हतं.

वहिनी इकडे पोरीबरोबर एकटी, जरा गप्प असते. होईल नीट.

तुला एक सांगायचं होतं, पण ते समक्षच बरं. एखाद्या रविवारी येऊन जातो.

तुझा,
धाकटा


बुधवार, ५ मार्च

दादा,

रविवारी मी आलो होतो ते सांगायलाच. बसमध्ये दोन तास पाठांतर केल्यासारखं घोकत आलो. आईनं पाणी दिलं, तिला आत जाऊ दिलं, आणि तोंड उघडणार तेवढ्यात तू उशाखालून एक वही काढलीस.

‘सहा पाच, उठलो. सहा वीस, दाढी. नऊ दहा, फाटक बंद केलं, कडी लावली, पुन्हा जाऊन बघितलं.’ पानंच्या पानं. बसच्या लॉगबुकात लिहायचास तसंच नीटस अक्षर. आणि तू मला म्हणालास, ‘वही सुरू केली, गोळ्या सुरू केल्या, तेव्हापासून एकही फोटो आला नाही बघ. गुण आला म्हणायचा.’ किती खुशीत होतास! मी ‘वा’ म्हणालो. दादा, मी खरंच ‘वा’ म्हणालो. जेवलो आणि परतीची बस धरली.

फोटो आले नाहीत ते गोळ्यांमुळे नाही. मी पट्टी काढून टाकली म्हणून.

त्या तिन्ही फोटोंतली गाडी माझी आहे. हेल्मेटमधला माणूस मी आहे. तुला काहीही झालेलं नाही. तुझं डोकं माझ्या डोक्यापेक्षा शाबूत आहे. तू त्या तिन्ही दुपारी म्हणत होतास तसा घरीच होतास, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे पाठ टेकून.

आता नीट सांगतो. आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या. तुला नंबर मिळाला ७८३८, मला ७८३३. प्लेटवरच्या शेवटच्या इंग्रजी तिनाच्या डाव्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले की त्याचा आठ होतो. कात्रीनं कापून, टोकं जरा गोल करून. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात कॅमेरा बसल्यापासून माझे दोन फोटो आले होते. तिसरा आला असता तर माझं लायसन्स गेलं असतं आणि पाठोपाठ नोकरी. म्हणून मला फक्त नंबर वेगळा दिसायला हवा होता, तो कुणाचा होईल याचा विचारच मी केला नव्हता.

हे वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. खोडलं तर तुला वाटेल मी पहिल्याच झटक्यात खरं लिहिलं.

मला माहीत होतं. पट्टी कापायच्या आधीपासून माहीत होतं. चिखल फासता आला असता, प्लेट वाकवता आली असती. पण परक्याचा नंबर झाला तर तो भांडेल, फोटो मागवेल, शोध घेईल. तू भांडणार नाहीस. आणि तुझं लायसन्स बावीस वर्षं कोरं. त्यावर एक-दोन डाग पडले तर काय बिघडतं, असा हिशेब केला मी. तुझा चांगुलपणा वापरायला काढला, घरातली जादा सतरंजी काढावी तसा. माझ्या लॅबच्या फेऱ्या दुपारच्याच असायच्या म्हणून फोटोही दुपारचे आले. तू तेव्हा एकटा असतोस, तुला साक्षीदार नसतो, हे बघून वेळ साधली नव्हती. तेवढं तरी कपट माझ्यात नव्हतं. विश्वास ठेव म्हणायला मला तोंड नाही.

पण याहून वाईट पुढेच आहे. दुसरी नोटीस आली तेव्हा तू ती घेऊन माझ्या खोलीवर आलास. ‘अरे, मी त्या रस्त्याला गेलोच नव्हतो. गेलो असतो तर मला आठवलं नसतं का?’ तेव्हाच सांगितलं असतं तर तू एक मुस्काटात दिली असतीस आणि विषय संपला असता. मी काय म्हणालो? ‘बाबांनाही सुरुवातीला असंच व्हायचं, दादा.’ गेल्या पत्रात लिहिलं ना, मला तसं म्हणायचं नव्हतं? मला तसंच म्हणायचं होतं. तू गप्प बसावास म्हणून. आणि तू बसलास. नोटिशीची घडी घालून खिशात ठेवलीस. स्वतःच्या चपला पायात घालण्याआधी त्या तुझ्याच आहेत ना, हे वाकून बघितलंस. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना शोधायला गल्लोगल्ली तू फिरायचास. मी नाही. म्हणून ते वाक्य कुठे लागेल, हे मला बरोबर ठाऊक होतं.

सोमवारी कामावर न जाता वाहतूक शाखेत गेलो. टेबलाशी एक अधिकारी बाई होत्या. मी सांगितलं, प्लेटवर चिकटपट्टी लावली होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘प्लेट झाकली, वाकवली, मळवली, तर दंड आहे. बाहेर पावती फाडतात, तिकडे जा.’ मी म्हणालो, ‘झाकली नाही, आकडा बदलला. दुसऱ्याचा नंबर झाला.’ तेव्हा त्यांनी पेन ठेवलं.

‘मग हे दंडावर भागत नाही. ही फसवणूक झाली. कुणाचा नंबर झाला?’

‘सख्ख्या भावाचा.’

‘तुम्हाला आधी माहीत होतं?’

मी ‘नाही’ म्हणालो.

त्यांनी तसं लिहून घेतलं. माझ्याबरोबर खाली आवारात आल्या, गाडीपाशी उकिडव्या बसल्या आणि प्लेटवर उरलेला डिंक नखानं खरवडून बघितला. ‘टोकं छान गोल कापलीत,’ एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जिना चढून त्यांच्या मागे परत वर गेलो आणि म्हणालो, ‘बाई, ते ‘नाही’ खोडा. माहीत होतं.’

गाडी त्यांनी ठेवून घेतली, लायसन्सही. लॅबमध्ये सांगितलं. मॅनेजरनं पिशवी आणि ओळखपत्र मागून घेतलं, त्याचं काही चुकलं नाही.

काल वहिनीकडे गेलो. ती मशीनवर बसली होती. मी सांगत होतो आणि ती शिवतच होती, एका जागी, त्याच टाक्यावर पुन्हा पुन्हा. मग थांबली. म्हणाली, ‘पहिला फोटो आल्यापासून मी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासतेय, भाऊजी. त्या रस्त्याला यांचं कोण राहतं, म्हणून. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलंसुद्धा. ते काय म्हणाले माहितीये? ‘असेल कुणी, मला आठवत नाही.’’ आणि मग ती रडली. तुझी पोर शाळेतून यायची वेळ झाली होती, म्हणून मला म्हणाली, ‘आता तुम्ही जा. तिच्यासमोर मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही.’ ती तुला फोन करणार होती. मीच म्हटलं, दोन दिवस थांब, आधी माझं पत्र पोचू दे. हे दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. बोलायला माझी जीभ उचलत नाही, पण लिहायला तरी मलाच हवं.

दोन कामं आहेत. पहिलं, गोळ्या मनानं एकदम सोडू नकोस. हे पत्र डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तसं कर. लाज माझी आहे, तू वाचायला दे.

दुसरं अवघड आहे. नुसत्या माझ्या जबाबावर तुझ्या लायसन्सवरच्या नोंदी निघत नाहीत. खऱ्या नंबराच्या मालकानं तक्रार द्यावी लागते, माझ्याविरुद्ध, नाव घालून. बाईंनी पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी अकरा वाजता बोलावलंय. तू म्हणशील, जाऊ दे, धाकटा आहे, तीन महिने काय, निघून जातील. ते म्हणू नकोस. मी तेच गृहीत धरून पट्टी कापली होती. आई मध्ये पडेल, तिलाही ऐकू नकोस. नोंदी निघाल्या की शाळेत जायचं की नाही ते तू ठरव, पण ते तुझ्या शाबूत डोक्यानं ठरव.

मंगळवारी नऊच्या बसला मी स्टँडवर उभा असेन. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. कचेरीचा रस्ता दाखवायला पुढे चालेन, तू मागून ये. सही मात्र कर.

तुझा अपराधी,
धाकटा