तालुक्याची टाळू

वडीलधारे भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचं पथ्य आणि ताईचा आवाज, दोन्ही पूर्वीसारखेच कडक असतील अशी आशा करतो.

इकडची हकीकत अशी. तालुका कचेरीची नवी इमारत झाली आणि साहेबांना दारात ‘तालुका’ शब्दाचा अर्थ सांगणारा फलक हवासा वाटला. संस्कृत शिकवणारा इथे मी एकटाच उरलोय, म्हणून मला बोलावणं आलं. कोश उघडायच्या भानगडीत मी पडलो नाही. (तीस वर्षं शिकवणाऱ्याने कोश उघडायचा म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने पाठीला डबा बांधायचा!) ठोकून दिलं: तालु म्हणजे टाळू, घास जसा टाळूला लागल्याशिवाय पोटात जात नाही, तसं कुठलंही काम तालुक्याला लागल्याशिवाय पुढे सरकत नाही. साहेब खूश. पेंटरने पिवळ्यावर काळ्या अक्षरांत रंगवलं, वेलांट्या मी जातीने तपासल्या.

रंग वाळत होता, तेवढ्यात जुन्या दप्तरांच्या खोलीतल्या बाई चष्मा पुसत आल्या. फलक वाचून हळूच म्हणाल्या, “सर, रागावू नका, पण हा शब्द अरबीतून आलाय. तअल्लुक म्हणजे संबंध. कुणाशी तरी जोडलेला मुलूख, तो तालुका.” मी त्यांना एक श्लोक ऐकवला. त्या म्हणाल्या, “श्लोक छान आहे. शब्द अरबीच आहे.”

घरी येऊन गुपचूप कोश काढला. बाईंचंच खरं!

अनावरण सोमवारी. गप्प बसावं तर पुढची पन्नास वर्षं येणारा-जाणारा माझी टाळू वाचणार. बोलावं तर आयुष्यभर कमावलेलं नाव जाणार. दोन दिवस घास उतरला नाही. अखेर आज साहेबांपुढे कबूल केलं. साहेब म्हणाले, “बरं झालं वेळेवर बोललात. आता खरा अर्थ सोमवारी तुम्हीच सगळ्यांना सांगा.” पेंटरने मात्र अबोला धरलाय.

लोभ आहेच, जरा जास्तीचा काढून ठेवावा, लागणार आहे.

तुमचा मेहुणा

ता. क. हाच खरा अर्थ तुम्ही सतरा वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवताना सांगितला होतात. “भावोजी, तुम्ही आपलं गणित सांभाळा,” असं मी भरल्या पंगतीत हसून म्हणालो. तेव्हापासून तुम्हाला इकडचा प्रवास सोसत नाही.

ता. क. २. सोमवारी सकाळी दहाला या. पहिल्या ओळीत खुर्ची धरून ठेवतो. हसलो चारचौघांत, तर चूकही चारचौघांतच कबूल करीन, तुमचं नाव घेऊन.

ता. क. ३. फक्त “मी म्हणत नव्हतो?” असं म्हणू नका. ते ताई म्हणेलच.