आइसलँडला ड्रायव्हर मिळत नाही

अप्पा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही, कारण तुम्ही रोज संध्याकाळी घरी यायचात आणि घरी येणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण आज माझं डोकं फिरलंय. घरात ज्यांच्याशी भांडायचं त्या सगळ्यांशी भांडून झालं, आता तुम्हीच उरलात. म्हणून शाळेची एक अर्धी वापरलेली वही घेऊन आमच्या शहापूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसले आहे. विषय असा, की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आइसलँडला चाललोय. आइसलँड म्हणजे पार वर, युरोपच्याही डोक्यावर, समुद्रात एकटा पडलेला थंडगार देश. विमानतळावर गाडी भाड्यानं घ्यायची आणि आपली आपणच चालवत देशाला गोल फेरी मारायची, नऊ दिवसांत. मी, माझे मिस्टर, तुमची नात आणि तुमची बायको. हो, आईपण येतेय. तिचा पासपोर्ट आलाय. त्यातल्या फोटोत तिला कुणीतरी चौकीत बसवून ठेवल्यासारखं वाटतं, पण ती तो येईल-जाईल त्याला दाखवते.

तीन महिने झाले, या घरात दुसरा विषय नाही. तुम्ही पाळण्यात सोडून गेलात ती नात आता कॉम्प्युटरवर तक्ता करून बसलीय, कुठल्या दिवशी कुठल्या गावात मुक्काम, किती किलोमीटर, उजेड किती वाजेपर्यंत. व्हिसावाल्यांना हे सगळं आधी सांगावं लागतं. आपल्याकडे शिर्डीला निघालेलं वऱ्हाड नाशिकला जेवेल की घोटीला हे गाडी घोटीला पोचेस्तोवर ठरत नाही, आणि इथे मी तीन महिने आधी लिहून देतेय की सातव्या दिवशी अमुक बंदरावर झोपेन. मिस्टरांचं लक्ष सगळं खाण्यात. छोटा कुकर न्यायचा की इंडक्शन, तांदूळ कोलम की आपला गावचा, मसाला सामानात घातला तर कपड्यांना वास लागेल का. मी रस्त्याचं बोलायला लागले की ते म्हणतात, "बघू गं, तिथे गेल्यावर." काय बघू? तिथे वारा असा, की गाडीचं दार उघडलं तर बिजागरीतून निखळून जातं. टायरांना खिळे मारलेले असतात बर्फासाठी. गाडी उजव्या बाजूनं चालवायची. पूल एकेरी, आणि समोरच्यानं डिपर मारला तर त्याचा अर्थ 'तू ये'. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'मी येतोय, तू मर बाजूला'. एवढी एक सवय हातातून गेली नाही, तर पुलाच्या मधोमध दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. मी हे सगळं वाचून काढलं, वहीत उतरवलं, आणि मला घरात कुणी विचारलं नाही की तू हे कशाला वाचतेस.

कारण गाडी मिस्टर चालवणार हे न बोलता ठरलेलं होतं. मी रोज चालवते हो, अप्पा. सहा वर्षं झाली, तानसाकडच्या माझ्या शाळेत आपल्या छोट्या गाडीनं जाते. खड्डे, शेळ्या, रस्त्यात वाळत घातलेला भात, मधूनच आडवी आलेली वरात, पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारा ओढा, सगळं करून साडेदहाला प्रार्थनेला हजर. मिस्टर रविवारी वाशिंदपर्यंत चालवतात आणि येताना एसी लावून हुश्श करतात. पण त्यांनी चालवली की ते ड्रायव्हिंग, आणि मी चालवली की ते शाळेत जाणं. मग गेल्या महिन्यात त्यांना चक्कर यायला लागली. कानातलं पाणी का काय ते बिघडलंय. डॉक्टरांनी साफ सांगितलं, सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. घरी येऊन ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "संपलं. कॅन्सल करू." लेक म्हणाली, "बाबा, मला लायसन्स असतं तर." तिचं लर्निंग दोनदा संपलंय. मग दोघं एकमेकांकडे बघत बसले. मी समोरच होते. हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते! शेवटी मीच म्हटलं, "मी चालवीन." तर मिस्टर असे हसले, जसं आपण लहान मुलानं 'मी विमान आणीन' म्हटल्यावर हसतो. वर म्हणतात, "अगं, तो परदेश आहे." जसं काही मी त्याला तानसा समजत होते. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी ग्रुप टूरची पत्रकं आणून ठेवली. बसमध्ये बसा, पराठे खा, खाली उतरून फोटो काढा, परत बसा. मला नकोय ती बस. मला चालवायचंय. एवढं साधं वाक्य या घरात कुणाच्या कानात शिरत नाही.

आणि मग, राग यायला अजून काही बाकी होतं म्हणून, मिस्टरांनी काल तुमच्या पुतण्याला बोलावलं. सल्ला घ्यायला. तुमचा पुतण्या आता मुरबाडमध्ये मोठा माणूस आहे, तीन गाड्या लावल्यात त्यानं टुरिस्टला. माझ्याहून चार महिन्यांनी लहान, म्हणून मला अजून ताई म्हणतो. रविवार दुपारची वेळ, जेवणं झालेली, टेबलावर नकाशा पसरलेला. त्यानं नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. "भाऊजी, सोप्पं हाय," म्हणाला, "गाडी ड्रायव्हरसकट घ्यायची." लेक म्हणाली, "मामा, तिथे गाडीबरोबर ड्रायव्हर येत नाही. आपणच चालवायची असते." त्याला ते पटेचना. "आसं कसं? गाडी भाड्यानं म्हटली का ड्रायव्हर आलाच. नुसती गाडी कोन देईल? उद्या पळवून नेली मंजे?" पाच मिनिटं त्याला समजावलं. मग म्हणाला, "तर मग नका जाऊ. ताईच्या भरवशावर काकीला न्यायची? बर्फात? बायमानसानं गावात चालवनं येगळं." आणि मिस्टरांनी मान डोलावली. तेवढ्यात माझी तार सटकली.

अप्पा, आता खरं बोलते. मला त्याचा राग आलाच नाही. तो तुमचंच बोलत होता, अगदी तुमच्या आवाजात. तुम्हाला आठवतो का तो दिवस, मला तर काल झाल्यासारखा दिसतो. मी बारावीत आहे. अंगणात आईनं चादरीवर तांदळाच्या फेण्या घातल्यात आणि तुमच्या सीटा भरायच्या काळ्या-पिवळ्या जीपची सावली त्यांच्यावर येतेय. आई पुटपुटतेय, "गाडी हलवा गो कुनीतरी." तुम्ही मागे अंघोळीला बसलाय. चावी नेहमीप्रमाणे गाडीलाच आहे. मी जाऊन बसते. क्लच कुठला, रिव्हर्स कुठे पडतो, सगळं बघून बघून पाठ आहे. जीप मागे घेते, फणसापर्यंत, सरळ, हँडब्रेक लावते, उतरते. तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर आलात, कानात साबण तसाच. जीपला पूर्ण चक्कर मारलीत. चाकं बघितलीत, मागचा बंपर बघितलात. कुठे ओरखडा नव्हता. मी वाट बघत होते, की आता तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही चावी काढलीत, ओल्या हातानं करगोट्याला बांधलीत आणि म्हणालात, "उद्या आळीत बोलतील, याला पोरगा नाय म्हून पोर जीपवर बसवली." झालं. घरात गेलात. चूक काय झाली होती हो? चूक झाली असती, एखादं पिंप उडवलं असतं, तर मी शिव्या खाऊन गप्प बसले असते. मी नीट लावली होती गाडी.

आणि पुढच्याच रविवारपासून तुम्ही पुतण्याला शिकवायला लागलात. भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत, कारण तिथले रस्ते रुंद आणि सकाळचे रिकामे. मी हट्ट करून यायचे, डबा धरायला म्हणून. मागच्या बाकावर बसायचे. तो गिअर खरडायचा आणि तुम्ही त्याला म्हणायचात, "हळू सोड, पायाखाली अंडं हाय समज." किती प्रेमानं म्हणायचात! आम्ही तुमच्या तोंडून तो आवाज घरात कधी ऐकला नाही. मी मागे बसून पायाच्या अंगठ्यानं जीपच्या पत्र्यावर क्लच सोडायचे. त्याला आठ रविवार लागले. मला तेवढे लागले नसते. पुढे एकोणचाळिसाव्या वर्षी कल्याणच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, पानतंबाखू खाणाऱ्या एका माणसाशेजारी बसून मी गाडी शिकले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला येतंय की आधीपासून." मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडले होते. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं.

तर काल काय झालं ते सांगते. पुतण्याचं ते 'बायमानसानं' ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला अप्पांनी शिकवलीय. तुला शिकवायचे ना भातसानगरला, तेव्हाच. तुला धरणाच्या गेटपाशी चहा प्यायला पाठवायचे आणि तेवढ्यात मला स्टिअरिंगवर बसवायचे." एक अक्षर खरं नाही. मी आयुष्यात तुमच्या नावावर असं धडधडीत खोटं बोलले नव्हते. पुतण्या म्हणाला, "मला कसं म्हाईत नाय मग?" तो तिथे होता ना, अप्पा! गेटपाशी चहाची टपरीच नव्हती तेव्हा, हे त्याला माझ्याइतकंच माहीत. आता हा बोलेल आणि माझी सगळ्यांसमोर शोभा होईल, आइसलँड गेलंच, वर खोटारडी ठरेन, असं वाटून मी नकाशाची घडी घालायला लागले.

तेवढ्यात आई बोलली. खिडकीशी बसून लसूण सोलत होती, मान वर न करता बोलली. "तुला कशाला सांगतील? तुला राग आला असता. माझ्याशी घरी येऊन बोलायचे. पोरीचा हात पुतन्यापेक्षा बरा हाय, बोलायचे." पुतण्याचा चेहरा उतरला, मग कसा कोण जाणे मऊ झाला. "काका आसं बोलले?" आई म्हणाली, "बोलले म्हंते ना. शपथ घेऊ का आता?" मग तो मला म्हणाला, "ताई, काकानं शिकवली आसंल तर मंग इषयच नाय. काकाचा हात म्हंजे." आणि मिस्टरांकडे वळून, "भाऊजी, जा तुमी बिनधास्त." सहा वर्षं मी चालवते ते पुरेसं नव्हतं. मेलेल्या माणसाचं एक वाक्य पुरेसं झालं. मिस्टरांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि लेकीनं भाड्याच्या गाडीच्या फॉर्ममध्ये ड्रायव्हर म्हणून माझं नाव घातलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला गाडी चालवायलासुद्धा तुमचीच परवानगी लागली, आणि तीही मला स्वतःच बनवावी लागली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. उद्या शाळा आहे, वहीची मागची पानं पोरांच्या शुद्धलेखनाला लागतील, ही फाडून ठेवीन. पण एक कबूल करते, तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. माझं खोटं मला माहीत होतं. आईचं मला कळलं नाही. पुतण्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्या मागे गेले. ती कप विसळत होती. मी विचारलं, "आई, खरंच बोलले होते का अप्पा असं?" मी तशीच वाट बघत होते, जशी बारावीत जीपपाशी उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं. नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि माझ्या गालावरून ओला हात फिरवला.

"नाय गो," ती म्हणाली. "पन बोलायला पायजे होतं."