दोन गुडघे

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुम्ही सगळे मजेत असाल. तिळाच्या वड्या कुरिअरने पाठवल्या आहेत, प्रज्ञावहिनीला आवडतात तशा, खोबरं घालून. गुडगावकडे धुकं फार आहे म्हणे. गाडी जपून चालव.

बाबा यंदा संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकावर गेले नाहीत. महाराष्ट्र मंडळाची बस खाली उभी होती. ते वॉकर धरून खिडकीशी उभे राहिले आणि बस निघाल्यावर म्हणाले, "थंडी फार आहे. बरंच झालं." थंडीची सबब त्यांनी याआधी कधी सांगितली नव्हती.

गुडघा दुसऱ्या ऑपरेशननंतरही वाकत नाही. आता वाकणार नाही, असं डॉक्टर गेल्या आठवड्यात म्हणाले. सैल झालेला कृत्रिम सांधा काढताना हाड बरंच गेलं. असं क्वचितच होत असेल ना, म्हणून मी विचारलं. "मॅडम, इस कंपनी का ये पहला नहीं है," एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मेल केली असती, पण तू ती मोबाइलवर अर्धीच वाचतोस.

तुला ती दिवाळी आठवत असेल. तुझ्या कंपनीच्या याच सांध्याच्या चाचणीचा अहवाल तू मला कौतुकाने दाखवलास. साठ पेशंट, त्यांतल्या दोघांचा सांधा वर्षभरात सैल झालेला. मान्यतेसाठी दहा टक्क्यांच्या आत राहायचं होतं. त्या साठांवरून नॉर्मल वक्र लावून तू सगळ्या पेशंटांचा अंदाज लिहिला होतास, जास्तीत जास्त आठ टक्के.

"दादा, सैल झालेले फक्त दोन आहेत," मी म्हणाले. "सैल झालेले आणि न झालेले, दोन्हीकडे निदान दहा-दहा तरी हवेत, तेव्हा नॉर्मल चालतं. काही पुस्तकं पाचावर भागवतात. दोनावर कोणीच नाही. खालची मर्यादा बघ, उणे एक टक्का आलीय. उणे माणसांचे गुडघे सैल होतात का?"

तू हसलास. "यार लते, तिथे शून्य टाकू."

मग मी द्विपदी वितरणाने, जे इतक्या थोड्या आकड्यांवरही चालतं, नीट हिशेब करून दाखवला. वरची मर्यादा साडेअकरावर गेली. आणखी पेशंट घेतल्याशिवाय तो सांधा बाजारात जायला नको होता. "परवा सबमिशन आहे. सगळे हेच सूत्र वापरतात," तू म्हणालास, आणि वहिनीने जेवायला हाक मारली.

मला हा नियम कॉलेजात कोणी शिकवला नाही. तू शिकवलास, माझ्या बारावीच्या सुट्टीत. एका बाजूला माणसं कमी पडली की वक्र कलतो, त्याच्यावर विसंबायचं नाही, हे तुझे शब्द. त्यामुळे तुला माहीत नव्हतं, असं मला स्वतःलाही सांगता येत नाही.

आणि तोच सांधा तू बाबांना बसवून घ्यायला लावलास. मी तेव्हा ट्रेनिंगला चेन्नईत होते. डिस्चार्जच्या कागदांवर सांध्याचं नाव वाचलं तेव्हा कळलं. खोटं लिहिता लिहिता तुझा त्यावर विश्वास बसला असेल, असं मी धरून चालते. दुसरं काही असेल तर मला त्याचा विचार करायचा नाही.

बाबा फिजिओथेरपिस्टला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगतात, "सिद्धांतने स्वतः निवडून बसवला. माझंच हाड कच्चं." हे मात्र मला ऐकवत नाही.

मी सरकारी औषध नियंत्रकांकडे माझ्या नावाने तक्रार केली आहे, हिशेब सोबत जोडून. तुझ्या ऑफिसातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. बहिणीने घर फोडलं असं वहिनी म्हणेल. म्हणू दे.

बाबांना यातलं काहीच माहीत नाही. रविवारी बेल वाजली की ते केसांवरून हात फिरवून सरळ बसतात. तू ये. दोष त्यांच्या हाडाचा नव्हता, हे तू त्यांना सांग. मी सांगणार नाही.

मोठ्या भावाला पत्राच्या शेवटी नमस्कार लिहायचा असतो. आज तो लिहवत नाही.

लतिका