रंगून–कलकत्ता, चार तास वीस मिनिटं

१२ जानेवारी १९४२, सोमवार. धुळे.
पहाटे पुन्हा तोच आवाज कानात. शाळेत टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर टोला, मागोमाग चाळीस पोरांची एका चालीत कविता. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, जाग त्यानेच येते.
दुपारी यमूचं पत्र, हवाई टपालाने. रंगूनवर बॉम्ब पडताहेत. जावयांना लाकडाच्या गिरणीतून सुटका नाही. पण यमूला, तान्ही मांडीवर घेऊन, शुक्रवारच्या विमानात एक जागा मिळाली. हुश्श.
सौ.ने पंचांग पुढ्यात सारलं. शुक्रवारी अमावास्या. लेक माहेरी येणार, तीही ओली बाळंतीण... तसाच उठलो, तार केली. शुक्रवार टाळा, शनिवारी निघा.

१३, मंगळ.
नकाशावर दोरा ताणला. रंगूनचा मिंगलाडोन विमानतळ ते कलकत्त्याचं डमडम, साडेसहाशे मैल. ताशी दीडशे धरले तर चार तास वीस मिनिटं. लहानपणी सोनगीरहून धुळ्याला बैलगाडीला एवढाच वेळ लागे! सौ.ला सांगितलं. म्हणाली, "गाडीतून उतरता तरी येतं."

१५, गुरु.
शेजारचे मोतीशेठ ओट्यावर आले. त्यांचा पुतण्या रंगूनलाच होता, बोटीने परतला. तारेचं सांगितलं तर कपाळाला हात लावला. "मास्तर, लोक तळावर वळकट्या टाकून बसलेत! शुक्रवारची जागा सोडली तर शनिवारी कोण देणार?"
पोस्टात धावलो. पोस्टमास्तर म्हणाले, "नाना, गेलेली तार परत येत नसते. दुसरी करा. पण आधी लष्कराच्या जातात."
दुसरी केली. शुक्रवारीच निघ. पोचेल केव्हा? यमू कोणती ऐकेल? लहानपणापासून माझा शब्द म्हणजे...

१६, शुक्र. अमावास्या.
रंगूनचा सूर्य आपल्याआधी दीडेक तास उगवतो. म्हणजे आठला ती समुद्रावर. किंवा घरीच, बाळाची टोपी शिवत. घड्याळापुढून हललो नाही.
जन्मभर पोरांना शिकवलेल्या कविता आठवत बसलो. कवितेतलं विमान न्यायलाच येतं. कोणाला परत आणून सोडल्याचं एक कडवं सापडेना.
सौ. "पंचांग मी दाखवलं. तार तुम्ही केलीत."

१९, सोम.
कलकत्त्याहून तार नाही. शुक्रवारी उतरली असती तर आज चाळीसगावच्या गाडीने इथे. स्टेशनवर दोन्ही गाड्या पाहिल्या. शनिवारी निघाली असेल तर उद्या. नक्की उद्या.

२१, बुध.
कालही नाही.
आज जेवायला बसणार तोच कडी वाजली. सौ. भात तसाच टाकून धावली. दारात अनोळखी बाई, लुगडं प्रवासाने मळलेलं. दोंडाईच्याची म्हणाली, रंगूनला यमूच्या शेजारी राहायची, कलकत्त्यात दोन दिवस गाडीच मिळाली नाही. आधी माझ्या पायाला हात लावला.
"नाना, तुमनी तार उनी म्हनीसन ताईनी शुक्रवारनी जागा माले दिन्ही. ती शनिवारना इमानमा बसनार व्हती."
मग आत, ओसरीकडे पाहिलं, यमूला शोधत.
"ताई घर उनी ना?"