तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

लीड्स, ४ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप शैलामावशीस मीनलचा इथूनच वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही ठीक आहोत, म्हणजे उल्हास हॉस्पिटलात ठीक आणि मी घरात धुमसत ठीक.

तुला ठाऊकच आहे, दोन वर्षं मी इथल्या कौन्सिलच्या कॉलेजात बालशिक्षणाचा कोर्स करतेय (वर्गात सगळ्यात म्हातारी मीच). ट्यूटरने डोकं खाल्लं, म्हणून एका खासगी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफरचा अर्ज केला. जमलं तर थेट दुसरं वर्ष! एकोणीस वर्षं 'डॉक्टरांची मिसेस' म्हणून मिरवले, आता माझ्याही नावापुढे काहीतरी लागावं, एवढीच हौस गं.

इंटरव्ह्यूला मिस्टर पेनफोल्ड नावाचे गृहस्थ. चहा घेणार का, म्हणाले. मी म्हटलं, नको. तर त्यांनी स्वतःपुरता ओतला! बिस्किटांनाही नको म्हटलं, तर बशी कपाटात. (पाहुणी समोर बसलेली आणि बशी कपाटात! तू असतीस तर त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास.) पुढे अर्धा तास मी फाडफाड उत्तरं दिली. शेवटी ते हसून म्हणाले, तुम्हाला आम्ही जागा देतो. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "छे छे, नको, माझ्यासाठी कशाला उगाच!" ते गडबडले. "नक्की?" म्हणाले. मला बरं वाटलं, आला माणूस वळणावर. दुसऱ्यांदा नको म्हटलं आणि कोटाच्या बटणाशी चाळा करत तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. वर बघते तर ते दार उघडून उभे.

बसमध्ये रडले गं. चार दिवसांनी पत्र आलं, तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. मेल्यांनो, आदर कसला करताय, आग्रह करा! उल्हास हसून हसून सोफ्यावरून पडायचा राहिला.

काकांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी,
मीनल

ता. क. फोन करून पेनफोल्डना सगळं समजावलं. जागा बावीस तारखेपर्यंत ठेवतात म्हणे, पण दोनदा नको म्हणण्याची आमच्यात रीत आहे, असं कुणा जबाबदार व्यक्तीचं लेखी हवं. तू रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, शाळेचा जुना शिक्का अजून तुझ्याच ट्रंकेत आहे. आणि हे वळण मला लावलंस तूच.

ता. क. २ पण राहू दे मावशी, नको, तुला कशाला उगाच त्रास. (हे पहिलं. दुसरं रविवारी फोनवर म्हणेन. नंतर मात्र विचारायला विसरू नकोस.)